आजीची ओवी, आजोबांचं दप्तर : वाचक विचारतात

घरातल्या मोठ्यांकडून आलेली बोली, गाणी, वह्या आणि पोथ्या सांभाळायच्या कशा, याबद्दल सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत, पेठ किंवा तालुका ठेवला आहे.

प्रश्न : आजी ८४ वर्षांची आहे. तिला जात्यावरच्या शेकड्यांनी ओव्या येतात असं घरात सगळे सांगतात. पण फोन समोर धरून "म्हण की" म्हटलं की दोन ओव्या म्हणते आणि "आता आठवंना बाबा" म्हणून उठते. काय करावं? (उत्तर सोलापूर तालुका)

उत्तर : ओव्या आजीला आठवतात, फक्त हात रिकामा आहे. ओवी दळणाच्या फेऱ्यावर बसलेली असते. हात फिरला की चाल येते आणि चालीमागून शब्द येतात. म्हणून आधी हाताला काम द्या. घरात जातं असेल तर मांडा, नसेल तर सूप आणि पावशेर ज्वारी निवडायला द्या. जातं मांडलं तर त्यात मूठमूठ ज्वारी घालत राहा. रिकाम्या जात्यात दगडावर दगड घासतो, लावलेली टाकी बुजते आणि त्या खरखरीत आजीचा आवाज बुडतो. जात्याखाली चादरीची चौघडी अंथरली की जमिनीतून येणारी घरघर पुष्कळ कमी होते, आणि चादरीला आपल्या गावात तोटा नाही.

"ओवी म्हण" ही फर्माईशच चुकते. "जात्यावर बसल्यावर पहिलं नाव कुणाचं घ्यायचीस?" असं विचारा. मग देवाच्या ओव्या येतील, त्यामागून आईबापाच्या, मग भावाच्या आणि मुराळ्याच्या. सासूच्या आणि नणंदेच्या ओव्या अगदी शेवटी, बहुधा सुना उठून गेल्यावर. पंढरीच्या ओव्यांसाठी वेगळा दिवस ठेवा, त्या एकदा सुरू झाल्या की लवकर संपत नाहीत. आजीच्या वयाची एखादी शेजारीण सोबत बसवता आली तर उत्तमच, एकीची ओवी दुसरीची ओढून आणते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह आता 'पारी'च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहे. त्यातली एखादी आजीला ऐकवा. "आमच्यात अशी नाही म्हणत" असं म्हणून ती स्वतःची सुरू करते, असा बऱ्याच घरांतला अनुभव आहे.

आता फोनचं. तो जात्याच्या फरशीवर ठेवू नका, शेजारच्या स्टुलावर घडी केलेल्या कापडावर ठेवा. तोंडापासून दोन वीत अंतर असावं आणि तोंडाच्या थेट समोर न ठेवता थोडा बाजूला असावा. समोर ठेवला तर प, फ, भ म्हणताना श्वासाचा फटका माइकवर बसतो. पंखा बंद ठेवावा लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात हे काम पहाटेचंच, आणि ओवीची वेळही तीच. फोन विमान मोडवर टाका. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, इयरफोन लावून ऐका आणि मगच पुढे जा. ही चाचणी टाळली की तासभराची मेहनत नुसत्या खरखरीत जाते. एका बैठकीत वीस मिनिटांपेक्षा जास्त नको.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव, आजीचं नाव, तिचं माहेर आणि ओव्या कुणाकडून आल्या हे तुमच्या आवाजात बोला. फाइलचं नाव बदलतं, हरवतं, आत बोललेलं मात्र फाइलबरोबरच राहतं. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. प्रती तीन ठेवा : एक संगणकात, एक पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी राहणाऱ्या नातेवाइकाकडे. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं व्हॉइस रेकॉर्डिंग ही प्रत धरू नका, त्यात आवाज दाबला जातो.

लिहून काढायला रेकॉर्डिंगच्या एका मिनिटाला पाच-सहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ धरा. इथे शिकलेले नातू एक चूक हमखास करतात : आजीची ओवी 'शुद्ध' करून लिहितात. ती "जात्या इस्वरा" म्हणते, वहीत "ईश्वरा" उतरतं. ती "पानी" म्हणते, वहीत "पाणी". मग आजीचा उच्चार आणि तिच्या बोलीची खूण वहीतून पुसली जाते. "सांगते बाई तुला" हे दर चार ओव्यांमागे येणारं पालुपद भरतीचं समजून गाळू नका, ओळ त्याच्यावर तोललेली असते. कळला नाही तो शब्द अंदाजाने न भरता तिथे चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह घाला आणि आठवड्याने आजीला ऐकवून विचारा. सासरच्या ओव्यांतली माणसं कधी कधी अजून हयात असतात, तेव्हा कुठली ओवी कुणाला ऐकवायची हे आजीच ठरवील.

प्रश्न : आजोबांची कवितांची वही आहे, १९५२ पासूनची. पानं पिवळी पडलीत, कडा मोडतात. लॅमिनेशन करून घेऊ का? (मुरारजी पेठ)

उत्तर : नको. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद कागदात कायमचे बसतात, ते परत काढता येत नाहीत, आणि आतला कागद आतल्या आत पिवळा पडत जातो. सेलोटेपही नको. चार-पाच वर्षांत त्याचा डिंक तपकिरी होतो, पट्टी सुटते आणि डाग राहतो. तुटलेला तुकडा लिफाफ्यात ठेवा, वर पान क्रमांक लिहा. टाचण्या, स्टेपलच्या पिना आणि रबरबँड काढून टाका, गंज आणि वितळलेलं रबर दोन्ही कागद खातात.

वही कापडात बांधून ठेवायची आपली पद्धत चांगलीच आहे, फक्त कापड कोरं घेऊ नका. नव्या सुती कापडाला खळ असते आणि खळ हे कसरीचं (कागद खाणाऱ्या किडीचं) आवडतं खाणं. गरम पाण्यात दोनदा धुऊन पूर्ण वाळवलेलं कापड वापरा. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर सावलीत वाळवून पुरचुंडीत बांधा, पानांच्या मध्ये घालू नका, डाग पडतो. ट्रंक पत्र्याखालच्या माळ्यावर नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि माळ्यावर त्याहून जास्त. त्या तापात कागद पापडासारखा होतो. आतल्या खोलीत, भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा.

कसर लागलेली दिसली (बारीक भोकं, पिठासारखी पूड) तर वही प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू द्या. नाहीतर गार कागदावर दव जमतं आणि कसरीने ठेवलेलं बुरशी खाते.

प्रश्न : पणजोबांच्या कागदांचा एक गठ्ठा सापडलाय. अक्षर मोडी आहे म्हणतात. निम्मे हिशेब, निम्मी पत्रं. स्वतः वाचायला शिकता येईल का? की लगेच जाणकाराकडे न्यावा? (मंगळवेढा)

उत्तर : शिकता येईल, आणि घरचे कागद शिकण्यासाठी सगळ्यांत सोयीचे, कारण त्यातली माणसं आणि गावं तुम्हाला आधीच ठाऊक आहेत.

आधी मोडीच आहे का ते पाहा. पानभर आडव्या रेघा आधी ओढलेल्या आणि अक्षरं त्यांना टांगलेली, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, टाक फारसा उचललेला नाही, अशी मोडीची खूण. दिवसा खिडकीपाशी, फ्लॅश न वापरता, फोन अगदी वरून सरळ धरून फोटो घ्या आणि कडेला फूटपट्टी ठेवा. सराव फोटोंवर करा, मूळ कागद बांधून ठेवा. त्या बासनाला दप्तरखान्यात 'रुमाल' म्हणतात.

मुळाक्षरांचा तक्ता पाठ करून सुरुवात केली की बहुतेकांचा उत्साह 'ञ'पर्यंत टिकत नाही. त्यापेक्षा पत्राचा मायना धरा. जुनी पत्रं ठरलेल्या साच्यात असतात : वर 'श्री', मग 'राजश्री अमुक यांसी', 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा हे विनंती'. काय लिहिलेलं असणार हे आधीच माहीत असल्यामुळे त्यातून त्या हाताची वीसेक अक्षरं ओळखीची होतात. ती फोटोच्या प्रतीतून कापून वहीत चिकटवा आणि त्याच हाताचा तक्ता बनवा. छापील तक्त्यातलं अक्षर आणि पणजोबांचं अक्षर यांत पुष्कळ फरक असतो. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो, म्हणून 'दिन' की 'दीन' हे आजूबाजूच्या मजकुरावरून ठरवावं लागतं. शब्द अडला तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहा, १८५७ची आवृत्ती. तो इंटरनेटवर मोफत आहे, आणि जमीनमहसूल, वजनमापं, बलुत्यांच्या हक्कांचे शब्द त्यात भरपूर सापडतात.

हिशेबाच्या कागदात नवशिका एका ठिकाणी हटकून फसतो. 'रु. ५॥' हे ५११ वाचलं जातं. ते साडेपाच आहे. आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण : १। सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन. रुपया १६ आण्यांचा, म्हणून पाव रुपया म्हणजे ४ आणे. ही एवढी खूण न कळल्यामुळे "पणजोबांनी पाचशे अकरा रुपये कर्ज दिलं होतं" अशा दंतकथा घराघरांत तयार होतात.

तारखेचं गणित असं : शके असेल तर ७८ मिळवा, पण माघ-फाल्गुन असेल तर ७९, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. शके १८२७ माघ शुद्ध ५ हा दिवस १९०५मधला नसून १९०६मधला. पौषाचा महिना दोन्हीकडे पडतो, तिथे पंचांग पाहावं लागतं. तुळजापूर, नळदुर्ग ही गावं निजामाकडे होती. तिकडच्या व्यवहाराचे कागद असतील तर सन फसली (महसुलाचं वर्ष) असू शकतो, त्याला ५९० किंवा ५९१ मिळवा.

जमिनीच्या वादाचा कागद असेल तर मात्र घरच्या वाचनावर भरवसा नको, रीतसर मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या. मोडी लिपी २०१४मध्ये युनिकोडमध्ये आली आहे, तरी फोनने हस्ताक्षर आपोआप अचूक वाचून द्यावं ही अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. आजीजवळ वाढल्यामुळे "काय करायलीस?", "जायलोय" असं बोलते. शाळेत हसतात, निबंधात लाल रेघा येतात. आजीला "मुलीशी नीट बोला" म्हणून सांगावं का? (जुळे सोलापूर)

उत्तर : आजीला काही सांगू नका. ती नीटच बोलते आहे.

'करायलाय' हे मोडकं 'करत आहे' नव्हे, त्याला स्वतःचं पक्कं व्याकरण आहे : मी करायलोय, मी करायलेय, तू करायलास, तू करायलीस, तो करायलाय, ती करायलीय, ते करायलेत. पुरुष, लिंग आणि वचन सगळं जागच्या जागी. सोलापूर, धाराशिव, लातूर, नांदेड या पट्ट्यात लाखो माणसं रोज असं बोलतात. गंमत म्हणजे विजापूरकडच्या कानडीत 'माडाक हत्त्यान' म्हणतात, शब्दशः 'करायला लागलाय', आणि अर्थ 'करतोय'. दोन भाषा शेजारी राहिल्या की एकमेकींच्या लकबी घेतात. आपण तर अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता असले शब्द कानडीचे आहेत हे कधीच विसरून गेलो.

निबंधात मात्र प्रमाण मराठी लागते, तेव्हा मुलीला दोन्ही यायला हव्यात. वहीत दोन रकाने करा, 'घरचं' आणि 'वहीतलं'. रोज पाच वाक्यं आजीच्या तोंडची डावीकडे जशीच्या तशी आणि त्यांची प्रमाण रूपं उजवीकडे. मग आठवड्यातून एकदा उलट करा, पाठ्यपुस्तकातलं वाक्य आजी कसं बोलेल ते लिहायचं. ही उलटी बाजू सोडू नका. ती सोडली की मुलीच्या मनात डावा रकाना चुकांचा आणि उजवा दुरुस्तीचा होऊन बसतो, आणि दोन वर्षांत ती आजीशी बोलायची लाजते.

प्रश्न : घरात आम्ही तेलुगू बोलतो, शिक्षण सगळं मराठीत. अव्वाची तिच्या बहिणीला लिहिलेली पत्रं आहेत, मला एक अक्षर वाचता येत नाही. वय ३६. किती दिवस लागतील? (साखर पेठ, पूर्व भाग)

उत्तर : रोज अर्धा तास दिला तर छापील अक्षर दीड-दोन महिन्यांत, हस्ताक्षर त्यानंतर. भाषा येते आणि वर्णमालेचा क्रमही क-ख-ग असाच आहे, त्यामुळे निम्मं काम झालेलं आहे.

अक्षरांच्या डोक्यावर जी बरोबरच्या खुणेसारखी (✓) रेघ असते ती तलकट्टु. मात्रा लागली की बहुतेक वेळा तलकट्टु जातो आणि त्याच्या जागी मात्रा येते. हे ध्यानात न घेतल्याने 'क' आणि 'कि' ही दोन निराळीच अक्षरं वाटतात. जोडाक्षरात दुसरं व्यंजन खाली लिहितात, त्याला वत्तु म्हणतात. तेलुगूत द्वित्ताशिवाय घर चालत नाही (अम्मा, अक्का, उप्पु, नीळ्ळु), म्हणून वत्तु पुढच्या धड्यावर ढकलू नका, पहिल्याच आठवड्यात घ्या. बरेच वत्तु मूळ अक्षरासारखेच दिसतात. त, न, म, य, र, ल यांचे मात्र वेगळे आहेत, ते सहा घोटून घ्या. अक्षरानंतरचं पूर्ण वर्तुळ म्हणजे अनुस्वार. त्याला सुन्ना म्हणतात, आणि शून्यालाही सुन्नाच.

मराठीत शिकलेल्यांचा पाय घसरतो तो ए आणि ओ यांवर. आपल्याकडे ते एकेकच, तेलुगूत आणि कानडीत ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळे. 'नॆल' म्हणजे महिना, 'नेल' म्हणजे जमीन. कानडीत 'बॆळॆ' म्हणजे पीक, 'बेळॆ' म्हणजे डाळ. बोलताना तुम्ही हा फरक आपोआप करता, फक्त लिहिताना कान उघडा ठेवा.

पुस्तकी धड्याऐवजी डाळीसाळीच्या डब्यांवर तेलुगूत चिठ्ठ्या लावा आणि नात्यांची नावं लिहून काढा. मग पत्रं घ्या, आणि त्यातही आधी तारीख, गाव आणि नावं शोधा. सोलापूरच्या तेलुगूत मराठी शब्द आणि मागाचे शब्द मिसळलेले आहेत, ते हैदराबादच्या कोशात मिळणार नाहीत. ते अव्वाच्या वयाच्या माणसाला विचारायचे, आणि लवकर विचारायचे. या गावात एका भाषेत जन्मून दुसरीत लिहिणं नवं नाही. राम जोशींच्या लावणीत मराठीबरोबर कानडी आणि संस्कृत नांदते. तेलुगूभाषक घरात जन्मलेले मारुती चितमपल्ली २००६मध्ये सोलापुरातच भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

प्रश्न : नातू नऊ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात. मराठी गोष्ट ऐकतो आवडीने, वाचायला दिली की पळतो. (होटगी रोड)

उत्तर : ऐकतो ना, मग अर्धं झालं. रोज पंधरा मिनिटं, एक ओळ तुम्ही आणि तीच ओळ लगेच त्याने, ओळीखाली बोट ठेवून. दोन आठवड्यांनी एक ओळ तुमची आणि पुढची त्याची. चुकला की दर वेळी थांबवू नका, ओळ पूर्ण होऊ द्या आणि मग तुम्ही ती बरोबर म्हणा. एका पानात पाचापेक्षा जास्त शब्द अडत असतील तर पुस्तक अजून जड आहे, बाजूला ठेवा. तुमच्या बालपणीचं आवडतं पुस्तक नेमकं इथेच घात करतं.

लिहिण्यासाठी अ-आ-इ नको, ग-म-भ-न घ्या, एका वळणाची अक्षरं एकत्र. इंग्रजी माध्यमातली मुलं सगळ्यांत जास्त 'र'ला अडतात. त्याची रूपं एका पानावर मांडा : सर्प, चक्र, ट्रक, दऱ्या. मग 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी लिहा. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. मोठ्याने म्हणून बघू दे, पहिल्यात जीभ 'द'वर जोर देऊन थांबते, दुसऱ्यात थांबत नाही. च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार लिहिण्यात दिसतच नाहीत : चार आणि चारा, पाण्याचा जग आणि सगळं जग. हे पुस्तकातून येत नाहीत, तुमच्या तोंडूनच येणार.

प्रश्न : वडिलांची दोन कपाटं पुस्तकं वाचनालयाला द्यायची आहेत. कशी द्यावीत? (नवी पेठ)

उत्तर : पोती भरून नेऊ नका. आधी लेखक, नाव, प्रकाशन वर्ष आणि अवस्था अशी यादी करा, ती ग्रंथपालांना दाखवा आणि त्यांना हवी तेवढीच द्या. असलेल्याच पुस्तकांच्या जादा प्रती आणि कसर लागलेली पुस्तकं बहुतेक वाचनालयं घेत नाहीत. देण्याआधी प्रत्येक पुस्तक उलटून बघा. समासात वडिलांच्या हातच्या टिपा असतील, पहिल्या पानावर कुणी भेट दिल्याचा मजकूर असेल, तर ती प्रत घरी ठेवा. दुर्मीळ पुस्तक स्कॅन करून इंटरनेटवर टाकायचं असेल तर लेखक कधी वारले ते पाहा. मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षं पूर्ण होईपर्यंत हक्क वारसांकडे असतो, आणि अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचंही वर्ष पाहावं लागतं.